कार्ड कोणी पाहावयाचे?



मी एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात परिचारिका होते. खोकल्यासाठी एक बाळ तीनदा येऊन गेले. औषध मिळाले, पण ९ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस राहिली ती राहिलीच. डॉक्टरांना वाटले, मी कार्ड पाहिले असेल. मला वाटले, नाव नोंदविणाऱ्या बाईंनी पाहिले असेल. पुढे त्याला गोवर निघाला. बाळ वाचले, पण “मला कोणीच कसे सांगितले नाही?” या त्याच्या आईच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मग आम्ही कामे वाटून घेतली. नोंदणीच्या बाई प्रत्येक बाळाचे कार्ड मागत, मी राहिलेल्या लसीवर खूण करी, आणि साधे पडसे असले तरी डॉक्टर त्याच दिवशी लस देत. न आलेल्यांना संध्याकाळी फोन जाई.

२०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला, तोही घरोघर फिरणाऱ्या अनेक हातांमुळेच.

भगिनींनो, त्यांत आपलाही हात हवा. आज घरी गेल्यावर आपल्या नातवंडाचे आणि शेजारच्या बाळाचेही कार्ड उघडून पाहा. १६ ते २४ महिन्यांतली दुसरी मात्रा विसरू नका.