देवघराला बुरूज कशासाठी?



देऊळ असो वा चर्च, त्याचे दार सर्वांसाठी उघडे असावे असा संकेत आहे. मग त्याला तट-बुरूज कशासाठी? फिलिपिन्समधील मियागाओ येथील चर्च या प्रश्नाचे उत्तर देते. स्पॅनिश अमदानीत १७९७ साली पूर्ण झालेल्या या वास्तूच्या भिंती सुमारे दीड मीटर जाडीच्या असून दर्शनी बाजूला दोन भक्कम मनोरे आहेत. समुद्रावरून येणाऱ्या हल्लेखोरांची चाहूल मनोऱ्यावरून घ्यावी आणि गावाने भिंतींच्या आश्रयाला यावे, अशी ही योजना होती.

मराठी मुलखातील याचे जवळचे उदाहरण म्हणजे वसई. मियागाओला चर्चच तटबंद आहे. वसईला चर्चचे अवघे नगर तटाच्या आत आहे. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे तेथे तट, बुरूज, जमिनीकडील व समुद्राकडील दरवाजे उभे राहिले. आत जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन या पंथांची चर्च व मठ आले. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा आजही दुरून दिसतो. त्याच्या शिलालेखात १६०१ हे वर्ष आहे. त्या काळी, म्हणजे १५८० ते १६४० या साठ वर्षांत, पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्या मस्तकी होता. वसईच्या काळ्या पाषाणाची कीर्ती एवढी, की जुन्या गोव्यातील बॉम जेझुस चर्चच्या दर्शनी भागासाठी तो समुद्रमार्गे नेण्यात आला.

याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया स्पॅनिश मनिलात फ्रान्सिस्कन झाले, तेथून जपानला गेले आणि १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर गेले. १८६२ साली रोमने त्यांना संतपद दिले. वसईचा तट माणसांना बांधून ठेवणारा नव्हता, हे यावरून ध्यानी यावे.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला. सुरुंगांनी बुरूज फुटले, दोन्ही बाजूंची माणसे मोठ्या संख्येने पडली आणि मे महिन्यात किल्ला मराठ्यांच्या हाती आला. पोर्तुगीजांना सन्मानाने बाहेर पडण्याची मुभा मिळाली. चर्चच्या घंटा मात्र विजयचिन्ह म्हणून घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१, तर वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आजही वाचता येते. वज्रेश्वरीचे देऊळ वसईच्या नवसातून उभे राहिले असे परंपरा सांगते. बावन्न पायऱ्या चढून गेल्यावर त्याचा नगारखाना वसईच्या दरवाजाची आठवण करून देतो आणि भोवतीची दगडी भिंत किल्ल्याची. जिंकणाऱ्याने जिंकलेल्याची बांधणी उचलली, हे इतिहासाचे सहज घडणारे काम आहे.

मराठी माणसाच्या वास्तूंचा शोध काशीपर्यंत पोहोचतो. मंगला गौरीच्या मंदिराजवळ, पंचगंगा घाटावर, अहिल्याबाई होळकरांचा दगडी दीपस्तंभ आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधवलेले बिंदुमाधवाचे मंदिर आहे. आणि शेजारीच औरंगजेबाच्या काळातील मशीद आहे. तेथील घाटही किल्ल्यासारखे भक्कम दिसतात. पण त्यांचा शत्रू सैन्य नव्हे, पावसाळ्यातील गंगेचा पूर. म्हणून भिंत जाड दिसली की आधी विचारावे, ती कोणाच्या भयाने जाड झाली? उत्तर प्रत्येक ठिकाणी निराळे मिळते.

हा प्रश्न शालेय वर्गापुरता नाही. वसईची चर्च आज बहुतांशी छपराविना उभी आहेत. सहलीला येणारे पुष्कळ जण त्या भिंतींवर आपली नावे कोरून जातात. ज्या ख्रिस्ती समाजाच्या पूर्वजांनी तेथे प्रार्थना केली, तो आजही वसईत सामवेदी व वाडवळी बोलींत बोलतो. त्याच मातीतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मग ते अवशेष परक्यांचे कसे म्हणावेत?

साठ वर्षे शिकवणाऱ्या शाळेने मुलांच्या हाती द्यावी अशी दृष्टी हीच: विजयाचा अभिमान बाळगावा, आणि ज्यांच्या घंटा आपल्या देवळांत वाजतात, त्यांचे मौनही ऐकावे. पालकहो, पुढच्या सुट्टीत मुलांना वसईला न्यावे. नाशिकची घंटाही दाखवावी आणि तिच्यावरचे साल त्यांच्याकडून वाचून घ्यावे.