करंटचा पट्टा की सुकट? अंगावर धावणाऱ्या कुत्र्यांविषयी

चंद्रपूरहून बोलतोय. आजचा विषय तुमच्याच फोनांमधून आलाय. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, पलीकडे आरमोरी-देसाईगंज, कुठूनही फोन आला तरी प्रश्न साधारण एकच असतो: "भाऊ, कुत्रा अंगावर धावते, तो करंटवाला पट्टा घ्यावा का?" ऑनलाइन सहज मिळतो. रिमोट दाबला की मानेला झटका बसतो आणि कुत्रा गप्प होतो. व्हिडिओत तर जादूच वाटते.

पट्ट्याकडे येतोच, पण आधी एक गोष्ट. कुत्र्याचा स्वभाव अचानक बदलला असेल, म्हणजे काल शांत होता आणि आज चावतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, तर तो प्रशिक्षणाचा विषयच नाही. रेबीज असू शकतो. त्याला हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. माणसाला चावा बसला असेल तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजवर उपाय राहत नाही. शिवाय कान पिकलेला, पाय दुखावलेला, गोचिडांनी बेजार झालेला कुत्राही चिडका होतो. दुखण्यावर शिकवणी चालत नाही.

आता पद्धती. जुनी पद्धत धाकाची. चूक केली की मानेला हिसका, काठी, नाहीतर उताणं पाडून दाबून धरणं. यामागं एक कल्पना असते: कुत्रा म्हणजे लांडगा, लांडग्यांच्या कळपात एक दादा असतो, म्हणून घरात तुम्ही दादा व्हा. ही कल्पना आली कुठून? 1947 साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास लिहिला, तिथून. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन संशोधकाच्या 1970च्या पुस्तकानं ती जगभर पोचवली. पण याच मेकनं नंतर कॅनडाच्या एल्समियर बेटावर मोकळे लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि 1999 साली लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. दादागिरी कसली, ते कुटुंब आहे. आपल्याकडे ताडोब्यात रानकुत्रे पाहा ना. शिकारीवर आधी पिल्लं खातात, मोठे थांबतात. आपण मात्र घरच्या कुत्र्याला "आधी मी जेवणार, मग तू" असं दाखवत बसतो.

धाकानं कुत्रा खरंच गप्प होतो का? होतो, बऱ्याचदा होतो, आणि म्हणूनच ही पद्धत टिकून आहे. पण वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या मालकांची पाहणी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी 2009 साली छापली. कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली तेव्हा 43 टक्के, आणि उताणं पाडून दाबलं तेव्हा 31 टक्के कुत्र्यांनी उलट आक्रमकता दाखवली. म्हणजे चावऱ्या कुत्र्याला मारणारा माणूस स्वतःचा हात पुढे करून उभा असतो.

आणि पट्टा? इंग्लंडमध्ये लिंकन विद्यापीठानं 2020 साली 63 कुत्र्यांवरचा अभ्यास छापला. हाक मारली तरी न येणारे, जनावरांमागे धावणारे असे हे कुत्रे. एका गटाला पट्टेवाल्या प्रशिक्षकांनी पट्ट्यानं शिकवलं, त्याच प्रशिक्षकांनी दुसऱ्या गटाला बिनापट्ट्यानं, आणि तिसऱ्या गटाला बक्षीसवाल्या प्रशिक्षकांनी. पट्टा सरस ठरला नाही. उलट बक्षीसवाल्या गटातले कुत्रे हुकूम लवकर ऐकत होते. हे प्रशिक्षक पट्टे बनवणाऱ्यांच्या संघटनेनं सुचवलेले होते बरं का, म्हणजे वापर चुकला असंही म्हणता येत नाही.

पट्ट्याच्या बाजूनं एक प्रामाणिक उदाहरण आहे. न्यूझीलंडमध्ये किवी पक्ष्यांच्या भागात जाणाऱ्या कुत्र्यांना किवीच्या वासापाशी झटका देऊन तो वास टाळायला शिकवतात. मग काही जण विचारतात, आपल्याकडे चितळामागे धावणाऱ्या कुत्र्याला असंच शिकवावं का? माझं उत्तर नाही. तिथे जाणकार माणूस एक ठरावीक वास, ठरावीक क्षण साधतो. आपल्या हातात रिमोट आला की बोट चालतच राहतं. आणि कुत्रा झटका कशाशी जोडेल हे आपण ठरवत नाही, तो ठरवतो. दारावरून शाळेचं पोर जातंय, कुत्रा गुरगुरला, तुम्ही बटण दाबलं. कुत्र्याच्या हिशेबात काय झालं? पोर दिसलं की मान भाजते. पोराबद्दलची भीती दुप्पट झाली.

आता गडचिरोलीतले नोकरीवाले कुत्रे घ्या. गस्तीबरोबर स्फोटकं हुंगणारा कुत्रा, केंद्रीय राखीव दलाचे ते बेल्जियन मॅलिनॉय. लोकांना वाटतं यांना मिलिटरी खाक्यानं घडवलं असेल. पण वास शोधून काढणं हे काम धाकानं होत नाही. स्फोटकाचा वास आला की शांत बसायचं, मग चेंडू मिळतो. त्या कुत्र्याच्या लेखी तो खेळ आहे. ज्या कामावर जवानांचा जीव टांगलेला असतो ते काम चेंडूवर चालतं, आणि आपल्या अंगणात "गोड बोलून काय होते" म्हणून काठी काढतात, याची मला गंमत वाटते.

एक घर सांगतो, नाव-गाव नाही सांगत. मूल तालुका, जंगलाला लागून. कुत्रा शेरू, गावठी, चार वर्षांचा. शेजारचा कुत्रा बिबट्यानं नेला तेव्हापासून शेरू दिवसरात्र साखळीला, आणि साखळी फाटकाशी, अगदी वाटेला लागून. बिबट्याची भीती खोटी नाही. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोल्याला विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला तेव्हा बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबानं 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. तर शेरू वाटेवरच्या पोरांवर गुरगुरायचा, पोरं दगड मारायची, आणि गुरगुरला म्हणून घरचे काठी हाणायचे. काही महिन्यांनी गुरगुरणं बंद झालं. घरचे खूश. मग एक दिवस शेरूनं घरी आलेल्या पाहुण्याच्या पोटरीचा लचका तोडला, हूं की चूं न करता. गुरगुरणं म्हणजे इशारा होता, तो काठीनं काढून टाकला होता. चावायचं कारण तसंच राहिलं होतं.

घरात पाच वर्षांची नात. मुलगा म्हणाला, "हा आता कामाचा नाही राहिला, जंगलात सोडून येतो." आजोबा म्हणाले, "रात्री वाघ आला तं सांगन कोण?" दोघांचंही बरोबर होतं, हीच अडचण. पाळलेला कुत्रा असा सोडून देणं 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि सोडलेला कुत्रा एकतर बिबट्याच्या तोंडी जातो, नाहीतर डिस्टेंपरसारखा रोग रानकुत्र्यांपर्यंत नेऊ शकतो.

पहिल्या दिवशी आम्ही शिकवलं काहीच नाही. साखळी फाटकावरून काढून मागच्या अंगणात नेली आणि ताणलेल्या तारेवर सरकती कडी लावली, म्हणजे त्याला फिरता येईल. रात्री तो पत्र्याचं दार असलेल्या खोलीत. निम्मा शेरू इथेच शांत झाला. मग मुसकं, बैलांना मळणीला घालतात तसंच, पण कुत्र्याचं, ज्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतील. चंद्रपूरच्या उन्हात घट्ट बांधलेलं मुसकं जीव घेईल. आठवडाभर नुसतं मुसक्यात खाऊ ठेवायचा, तोंड तो आपणहून घालेल.

मग सुकट. भाकरी-भातासाठी कुत्रा भीती विसरत नाही, वाळलेल्या झिंग्यांसाठी विसरतो. चाळीस पावलांवर ओळखीचं पोर दिसलं की झिंगा, पोर दिसेनासं झालं की झिंगे बंद. क्रम महत्त्वाचा, आधी पोर, मग झिंगा. कुत्रा ताठ झाला, खाईना, तर अंतर कमी पडतंय, मागे या. चाळीस पावलांवरून दहावर यायला अडीच महिने लागले. मध्ये तान्हा पोळा आला. लाकडी नंदी घेऊन पोरं दारोदार येणार, गलका होणार. त्या दिवशी शिकवणी नाही, शेरू खोलीत आणि दाराला कुलूप. एका गलक्यात दोन महिन्यांची मेहनत गेली असती.

भुंकणं मात्र आम्ही बंद केलं नाही. त्या घराला ते हवंय. रात्री भुंकला की आजोबा बॅटरी घेऊन खिडकीपर्यंत येतात, बघतात, "बस शेरू" म्हणतात, थांबला की एक झिंगा. आता दोन-तीन हाकांत थांबतो.

तो पूर्ण सुधारला असं मी म्हणणार नाही. अनोळखी पोर आलं की मुसकं लागतंच, आणि नात त्याच्याजवळ एकटी जात नाही, जाऊही नये. ज्यांच्याकडे एवढा वेळ देणारं माणूसच नाही, त्यांनी निदान साखळीची जागा बदलावी, रेबीजची लस द्यावी, नसबंदी करून घ्यावी.

फोन कराल तेव्हा तीन गोष्टी तयार ठेवा: कुत्रा कुठे बांधता, कोणाला पाहून बिघडतो, आणि किती पावलांवरून. व्हिडिओ काढण्यासाठी मुद्दाम त्याला चिडवू नका. पुढच्या भागात पिल्लांबद्दल बोलू.