दात काढायला आलोय, बीपी कशाला?

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात झालेले भाषण)

दातांचा डॉक्टर बोलायला उभा राहिला म्हणजे आता गोडधोड बंद करायला सांगणार, असं बऱ्याच चेहऱ्यांवर दिसतंय. घाबरू नका, आज मी दंडाबद्दल बोलणार आहे.

पेशंट खुर्चीत बसला की मी आधी त्याच्या दंडाला पट्टा बांधतो. त्यावर ठरलेला प्रश्न, "डॉक्टर, दात काढायला आलोय, बीपी कशाला?" कारण रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील सुमारे २४ टक्के पुरुषांचा आणि २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी औषध चालू होतं. यातले काही जण फॅमिली डॉक्टरकडे वर्षानुवर्षं फिरकत नाहीत, पण दाढ ठणकली की रात्री अकरालासुद्धा माझी बेल वाजवतात!

आपल्याच सोसायटीतले एक काका दाढ काढायला आले. बीपी १९०/११६. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं, तरी तेच. १८०/११० च्या वर असलं की आम्ही दात काढणं पुढे ढकलतो. बधिर करायच्या इंजेक्शनात बहुधा अ‍ॅड्रेनलिन असतं, शिवाय रक्तस्राव जास्त होण्याची भीती. काका भडकले, "अरे, दुखतंय दात आणि तू पाठवतोस फिजिशियनकडे!" खोदून विचारल्यावर कळलं, 'दात काढायचाय' म्हणून सकाळची बीपीची गोळी घेतलीच नव्हती. वर तीन दिवस केमिस्टकडून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या चालू. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्यांनीही बीपी चढतं. मी पॅरासिटामॉल देऊन त्यांना चिठ्ठी दिली. तीन आठवड्यांनी दाढ निघाली, तोवर काका माझ्याशी लिफ्टमध्येही बोलत नव्हते.

एकदा आकडा वाढला म्हणून मी कुणाला 'बीपीचा पेशंट' म्हणत नाही. माझ्या खुर्चीच्या धास्तीनेही तो चढतो. पुन्हा मोजूनही १४०/९० च्या वर राहिला, तर तपासून घ्या म्हणतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, सिगारेट, तंबाखू नको, आणि पट्टा बांधल्यावर गप्पा नकोत. (हे शेवटचं आपल्या सोसायटीत कठीण आहे.)

अम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या फुगतात. तसं झालं तर दाखवा, गोळी मनाने बंद करू नका. आणि येताना गोळ्यांचं पाकीट बरोबर आणा. "ती पांढरी, छोटी" एवढ्यावरून मला काही ओळखता येत नाही.