शरणांच्या वाटेवर पुन्हा जात



लातूर-नांदेडच्या गावांत लिंगायत घरांत बसवेश्वरांची तसबीर दिसते.
हे बसवेश्वर १२व्या शतकातले.
त्यांची कर्मभूमी बसवकल्याण,
इथून जवळच, बीदर जिल्ह्यात.

त्यांचं म्हणणं सरळ होतं.
इष्टलिंग, म्हणजे अंगावरचं छोटं शिवलिंग, धारण केलं, की जात संपली.

त्यांच्यासोबत नावाडी अंबिगर चौडय्या होते.
परीट मडिवाळ माचय्या होते.
अक्कमहादेवी होत्या.
या साऱ्यांना शरण म्हणत.

आणि एक लग्न ठरलं.
चर्मकार हरळय्यांचा मुलगा,
ब्राह्मण मधुवरसांची मुलगी.
परंपरा सांगते,
बिज्जळ राजानं दोन्ही बापांना देहदंड दिला.
केवढं धाडस होतं ते!

आता आज पाहा.
त्याच लिंगायत समाजात जंगम, वाणी, तेली, कोष्टी असे पोटभेद आहेत.
स्थळ पाहताना पोटजात विचारतात.
पौरोहित्य जंगमांकडे, तेही बहुधा जन्मानं.
जात मोडायला निघालेली चळवळ,
आणि तिच्यातच जाती.

असं का झालं?
त्या देहदंडानंतर शरणांचा छळ झाला आणि ते पांगले.
टिकायचं, तर मठ हवे होते.
मठाला वारस हवा होता.
सोयरीकही ओळखीतच होऊ लागली.
मला हेच कारण सर्वांत मोठं वाटतं.
सोयरीक आखडली, की जात परत येते.

माहूरशी नातं असलेल्या महानुभाव पंथाविषयी
पुढच्या भागात बोलू.