उजाड परसबाग, चार हात

जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, काळी माती भेगाळते आणि परसबाग उजाड होते. दोष जमिनीचा नसतो. उघड्या मातीतली ओल उडून जाते. म्हणून नवी रोपं आणण्याआधी शेणखत मिसळून पालापाचोळ्याचं आच्छादन घालावं. पाणीटंचाईची तक्रार खरीच. पण भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी संध्याकाळी आच्छादनाखाली दिलं, तर दोन-चार वेल तगतात. वेळ कुणाला आहे? एकट्याला नसतोच, म्हणून पाणी मुलांकडे, खत आजोबांकडे, आणि तण ज्याला भाजी हवी त्याच्याकडे! पावसाळ्यात गिलकी, दोडकी लावावीत. भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं भरताचं वांगं मात्र वरंब्यावरच लावावं. काळ्या मातीत पाणी साचलं की मुळं कुजतात.