विझलेल्या सीएफएलचं काय करायचं?
टोकं काळी पडलेला तो वळणावळणाचा सीएफएल दिवा माळ्यावर अजून असेल, तर जपून उतरवा. त्याच्या नळीत ३ ते ५ मिलिग्रॅम पारा असू शकतो. २०१६ च्या घनकचरा नियमांत असा दिवा घरगुती घातक कचरा ठरला. म्हणून तो जुन्या खोक्यात ठेवून, घंटागाडीवर सांगूनच वेगळा द्या. कचरा हातानं निवडणाऱ्या ताईंचा विचार करा.

दिवा फुटलाच, तर पंखा बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना बाहेर न्या. दहा-पंधरा मिनिटांनी जाड पुठ्ठ्यानं काचा उचला, पांढरी भुकटी चिकटपट्टीनं टिपा, सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. केरसुणी मुळीच नको, तिनं पारा पसरतो. वेगळे दिलेले दिवे पुनर्प्रक्रिया केंद्रात पोचले, की तिथं बंदिस्त यंत्रात पारा, काच आणि धातू वेगळे काढतात.