अंगणांतली होडी



बारामतीच्या किंवा इंदापूरच्या एखाद्या गृहस्थानें, "यंदा मी घरीं होडी बांधणार आहें," असें सांगितलें, तर ऐकणाऱ्याला प्रथम हंसूंच येईल. पावसाची वाट पाहण्यांत ज्या मुलखाच्या पिढ्या गेल्या, तेथें होडी कशाला? परंतु हा प्रश्न आतां जुना झाला. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें आणि जेथें जोंधळा डोलत असे, तेथें दृष्टि पोंचेल तोंवर पाणी पसरलें. पळसदेवचें पुरातन पळसनाथ मंदिर त्या पाण्याखालीं गेलें. कडक उन्हाळ्यांत जलाशय ओसरला म्हणजे तें अजून डोकें वर काढतें. सागर आपल्या दारीं चालत आला. सागराची विद्या मात्र त्याच्या मागोमाग आली नाहीं.

कोंकणांतील कोळ्याचें पोर वारा ओळखावयास आईच्या मांडीवर शिकतें. आपल्याकडे नदी ओलांडावयाची ती उतारानें. पुराच्या दिवसांत फार तर गुळाच्या काहिलींत बसून. पंढरपूरचे कोळी याच भीमेवर होड्या चालवितात, पण तें पाणी दोन कांठांमधलें आहे. उजनीचें पाणी तसें नाहीं. २१ मे २०२४ रोजीं सायंकाळीं करमाळा तालुक्यांतील कुगांवहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे येणारी नाव अकस्मात् सुटलेल्या वादळी वाऱ्यांत उलटली. नावेंत सात माणसें होतीं. एकजण पोहून कांठास लागला, सहा परत आलीं नाहींत. होडी बांधण्याच्या हौसेविषयीं आज मी बोलणार आहें, तें ही संध्याकाळ डोळ्यांपुढें ठेवून.

प्रथम हें पाहूं कीं, सुतारकाम न शिकलेल्या माणसाला होडी बांधतां येईल काय? जुन्या पद्धतीनें बांधणें कठीणच. आधीं कणा घालावयाचा, त्यावर फासळ्या उभ्या करावयाच्या, मग सागाच्या फळ्या वांकवून बसवावयाच्या आणि सांध्यांत कापूस ठासावयाचा. हें काम उमेदवारी केल्याशिवाय येत नाहीं. परंतु १९६३ सालीं इंग्लंडांत नौकारचनाकार जॅक होल्ट व दूरचित्रवाणीवर घरगुती सुतारकाम शिकविणारे बॅरी बकनेल यांनीं 'डेली मिरर' या वृत्तपत्राच्या आश्रयानें दहा फूट दहा इंच लांबीची एक होडी सिद्ध केली. तिची युक्ति आपल्या आजीच्या गोधडीसारखी आहे. प्लायवुडचे तक्ते मापानें कापावे, कडांना बारीक भोंकें पाडावीं, तांब्याच्या तारेचे टांके घालून ते एकमेकांस जोडावे, आणि मग सांध्यांवर काचतंतूची पट्टी राळेनें चिकटवावी. राळ घट्ट झाली कीं सांधा लाकडाइतकाच मजबूत होतो. अशा सत्तर हजारांवर होड्या जगभर झाल्या, आणि त्यांतील कितीतरी घरच्या गॅरेजांत व पडवींत घडल्या.

लाकूड, राळ आणि काचतंतु यांच्या या मैत्रीवर विश्वास बसत नसेल, तर गोव्याकडे पाहावें. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत लाकडी पट्ट्यांच्या गाभ्यावर काचतंतूचें आवरण देऊन 'म्हादेई' ही छप्पन्न फुटी शिडाची नौका बांधली गेली. ती २००९ मध्यें नौदलांत दाखल झाली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टांत मुंबईहून निघून दिलीप दोंदे यांनीं तिच्यांतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. मे २०१० मध्यें ते परत आले. ती नौका हौशी माणसाची नव्हे, हें खरें. पण तिची जात तीच.

आपल्याला पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची नाहीं. पळसदेवहून सकाळीं शीड उभारावें, भिगवणकडे जाऊन हिवाळी पाहुणे रोहित पक्षी पाहावे, आणि रात्रीं कांठाजवळ होडींतच पथारी टाकावी, एवढीच हौस. तिला पंधरा-सोळा फूट लांबीची, पुढें लहानसें छप्पर असलेली होडी पुरते. ती सपाट बुडाची असावी आणि तिची मधली फळी वर ओढून घेतां यावी; कारण पाणी उतरूं लागलें कीं बुडालेल्या घरांच्या भिंती आणि झाडांचे बुंधे पृष्ठाजवळ येतात.

प्लायवुड घ्यावयाचें तें 'मरीन' जातीचें, आय. एस. ७१० असा शिक्का पाहूनच. तक्ता आठ फुटांचा असतो. लांबी वाढविण्यासाठीं दोन तक्त्यांच्या कडा तिरप्या तासून एकावर एक चिकटवाव्या. तो उतार जाडीच्या आठपट असावा. काम कार्तिकापासून माघापर्यंत उरकावें. आपल्या वैशाखांत राळ भांड्यांतच तापून दगड होते, आणि श्रावणांत लाकूड ओल धरतें. राळ नेहमीं थोडथोडीच कालवावी. आणखी एक क्षुल्लक दिसणारी सूचना: आरंभापूर्वीं दाराची रुंदी मोजावी. पूर्ण झालेल्या होडीसाठीं घराची भिंत पाडण्याची पाळी अनेकांवर आली आहे.

आतां मुख्य गोष्ट. शीड सुंदर हवें, रंग झळझळीत हवा, हें सर्वांनाच सुचतें. पण घरच्या होडीची पहिली कसोटी अशी कीं, ती पाण्यानें कांठोकांठ भरली तरी बुडतां कामा नये. त्यासाठीं पुढें, मागें आणि दोन्ही बाजूंस हवाबंद कप्पे ठेवावे. हिशेब सोपा आहे: बंद हवेचा एक लिटर सुमारें एक किलो भार तोलतो. होडींतील जड सामान, नांगर आणि पाण्यांत लोंबकळणारीं माणसें यांचा विचार करून कप्प्यांचें माप धरावें, आणि वर भरपूर शिल्लक ठेवावी. मग कंबरभर पाण्यांत, चार माणसें हाताशीं घेऊन, होडी मुद्दाम उलटी करावी. ती तरंगते काय, सरळ करतां येते काय, हें डोळ्यांनीं पाहिल्यावांचून घरच्या कोणालाही तींत बसवूं नये. अंगावर तरणजाकीट असल्यावांचून स्वतःही बसूं नये. चैत्र-वैशाखांत दुपारनंतर ढग काळवंडला कीं शीड उतरवून कांठ गांठावा; वळीव सांगून येतो, पण फार थोडा वेळ आधीं सांगतो.

कप्प्याच्या आंत जो सांधा बुजतो, तो पुढें कोणीच पाहणार नसतो. तेथें राळ कमी पडली, खिळा वांकडा गेला, तर बाहेरून कांहीं कळत नाहीं. कळतें तें वाऱ्यांत. विकत घेतलेल्या वस्तूचा दोष दुसऱ्यावर ढकलतां येतो. येथें बांधणारा आणि बसणारा एकच. म्हणून मला वाटतें, न दिसणारें काम प्रामाणिकपणें करण्याची शाळा म्हणून घरांतल्या मुलांनाही या कामांत सामील करून घ्यावें. ज्या मुलानें स्वतःच्या हातानें हवेचा कप्पा बंद केला, तो गर्दीनें भरलेल्या नावेंत पाय ठेवण्यापूर्वीं एक प्रश्न विचारील. आपल्या कांठावर तो प्रश्न विचारणारीं माणसें वाढलीं, तर होडी बांधण्याचे श्रम वसूल झाले.

आपल्या भाषेंत शेत उकरणारा तो नांगर, आणि होडी रोखणारा तोही नांगर. जेथें आजोबांनीं पहिला धरला, तेथेंच नातवाला दुसरा टाकावयाचा आहे. पहिला कसा धरावा हें शिकावयास त्यांना जन्म लागला होता. दुसऱ्यासाठीं आपण एक हिवाळा तरी द्यावा.